बोटीचं कागदावरचं वजन आणि खरं वजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरला की गोव्यात शापोरा, मालीम, बेती, कुटबण, सगळीकडे शेडमधल्या आणि माडांखालच्या बोटी बाहेर निघतात. रंग होतो, इंजिनं बसतात आणि फोन सुरू होतात. "बोट किती किलोची?" हे क्रेनवाला विचारतो, ट्रेलर बनवणारा विचारतो, इंजिन विकणारा विचारतो. बहुतेक मालक कॅटलॉगमधला आकडा सांगून मोकळे होतात. तो आकडा खोटा नसतो, पण ज्या बोटीचा तो असतो ती बोट कुणीच पाण्यात घालत नाही. मी छोट्या फायबर बोटींची देखभाल करतो आणि दर वर्षी त्याच शंका नव्याने ऐकतो. त्यांची उत्तरं इथे सविस्तर देतो आहे, कारण या आकड्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

कॅटलॉगमध्ये 'वजन' म्हणून लिहिलेलं असतं ते नेमकं कशाचं?

बहुतेक वेळा फक्त हलचं, म्हणजे बोटीच्या रिकाम्या सांगाड्याचं. याला 'ड्राय वेट' म्हणतात. 'ड्राय' म्हणजे टाक्या कोरड्या, एवढाच अर्थ लोक घेतात. प्रत्यक्षात आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून इंजिन टांगलेल्या, बोटीच्या बाबतीत त्यात बहुधा इंजिनसुद्धा धरलेलं नसतं. बॅटरी, सुकाणूची केबल, छत, नांगर तर नाहीच नाही.

अडचण अशी की 'ड्राय वेट' या शब्दाची सगळ्यांनी मान्य केलेली एकच व्याख्या नाही. एक उत्पादक इंजिनासकट लिहितो, दुसरा इंजिनाशिवाय. तिसरा सीटांच्या गाद्याही काढून ठेवतो. छोट्या बोटींची मापं कशी मोजायची यासाठी आयएसओ ८६६६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात रिकाम्या बोटीचं वजन आणि पूर्ण भरलेल्या बोटीचं वजन अशा वेगवेगळ्या अवस्था ठरवून दिल्या आहेत. विक्रेत्याला सरळ विचारा : हा आकडा कोणत्या अवस्थेतला आहे, यात इंजिन आहे का, टाकी भरलेली धरली आहे का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

मग खरं वजन साधारण किती निघतं? एखादं उदाहरण?

आपल्याकडे पुष्कळ दिसते तशी १९ फुटी उघडी फायबर बोट घेऊ. कॅटलॉगमध्ये लिहिलंय ६५० किलो. आता तिला समुद्रात न्यायच्या तयारीत आणू.

६० हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक इंजिन बसवलं, ११२ किलो. त्याचं ऑइल आणि पंखा (प्रोपेलर) मिळून १० किलो. स्टिअरिंग, केबल, कंट्रोल बॉक्स १५. शंभर अँपिअर-अवरची साधी बॅटरी, तिची पेटी आणि स्विच धरून ३०. पेट्रोलची रिकामी टाकी १५ किलो, तीत १२० लिटर पेट्रोल म्हणजे आणखी ८९. नांगर, दहा मीटर साखळी आणि दोर मिळून २८. नुसती ८ मिलिमीटरची साखळी मीटरला सुमारे १.४ किलो भरते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उन्हाचं छत, पाइप आणि कापड, ३५. आठ लाइफ जॅकेट, एक रिंग आणि अग्निशामक नळकांडं १३. पाण्याचा २० लिटरचा जार आणि बर्फाची पेटी ४०. हत्यारं, जास्तीचा पंखा, फेंडर, बांधायचे दोर २०. आणि तळाशी कायम खुळखुळणारं, कुणीच न मोजणारं पाणी, १५.

बेरीज १०७२ किलो. अजून एकही माणूस चढलेला नाही आणि कागदावरच्या आकड्यावर ४२२ किलो चढले. सहा माणसं बसली, प्रत्येकी ७५ किलो धरून ४५०, की बोट दीड टनाच्या पुढे जाते.

तुमच्या बोटीत हे आकडे वेगळे असतील. पण छोट्या उघड्या बोटीत तयार वजन कागदी वजनाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त निघालं तर नवल वाटून घेऊ नका. बोट जितकी लहान, तितका हा फरक टक्केवारीत मोठा, कारण नांगर, बॅटरी आणि जॅकेट लहान बोटीलाही लागतातच.

इंजिनाच्या माहितीपत्रकातलं वजन तरी पूर्ण असतं ना?

तेही बहुधा ऑइल आणि पंखा वगळूनच असतं. शिवाय एकाच मॉडेलमध्ये शाफ्ट लांब असेल तर काही किलो वाढतात.

इंजिन बदलताना एक गोष्ट विशेष तपासा. जुनं दोन-स्ट्रोक काढून तितक्याच हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक लावलं तर वजन वाढतं. ४० हॉर्सपॉवरचं जुनं दोन-स्ट्रोक साधारण ७०-७५ किलोचं असायचं, चार-स्ट्रोक शंभरच्या आसपास जातं. पंचवीस किलो म्हणजे काही फार नाही, असं वाटतं खरं. पण ते बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला टांगलेले असतात. बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, ज्या काळी बांधली त्या काळच्या इंजिनाचा विचार करून बांधलेली असते.

पेट्रोल लिटरला किती किलो धरायचं?

पेट्रोल पाऊण किलोच्या जरा खाली, ०.७४ धरा. डिझेल ०.८४. पिण्याचं पाणी पूर्ण एक किलो. पेट्रोल हलकं म्हणून लोक त्याला हिशेबातच धरत नाहीत, पण २०० लिटरची टाकी म्हणजे दोन माणसांचं वजन झालं.

एकाच साच्यातून निघालेल्या दोन बोटी, मग वजन वेगळं कसं?

कारण त्या हाताने बनतात. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक फायबर बोटी साच्यात काचेची मॅट पसरून, तीवर ब्रशने रेझिन लावून, रोलर फिरवून तयार होतात. नेहमीची ४५० ग्रॅमची मॅट घेतली तर एका चौरस मीटरला एका थरात साधारण अकराशे ग्रॅम रेझिन जातं. कारागिराचा हात जड असेल, किंवा दुपारच्या उकाड्यात रेझिन लवकर आळू लागलं म्हणून त्याने घाईने जास्त ओतलं, तर थरामागे दीडशे ग्रॅम सहज वाढतात. पंचवीस चौरस मीटरचा हल आणि सहा थर धरले तर बावीस-तेवीस किलो जास्तीचं रेझिन झालं. त्याने मजबुती वाढत नाही. ताकद काचेच्या धाग्यात असते आणि नुसतं जास्तीचं रेझिन बोटीला ठिसूळ करतं.

चांगला कारागीर रोलर फिरवताना थर निरखत असतो. मॅट पूर्ण भिजून पारदर्शक झाली आणि हवेचा बुडबुडा राहिला नाही की तो थांबतो. बोट बनवून घेत असाल तर त्या दिवशी शेडमध्ये जाऊन उभे राहा. आणि साच्यातून बाहेर आल्याबरोबर, काहीही बसवण्याआधी, तिचं वजन करून मागा. एवढं मागणारा ग्राहक क्वचित असतो, पण मागण्याचा हक्क तुमचा आहे.

बोटीचं प्रत्यक्ष वजन कसं करायचं?

ट्रेलर असेल तर काम सोपं. गोव्यात वाळू, चिरे आणि खनिजाच्या ट्रकांमुळे वजनकाट्यांची वाण नाही. बोट जशी समुद्रात जाते तशी भरा : टाकी पूर्ण, नांगर जागेवर, जॅकेटं आत. मग गाडी आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर चढवून एक वजन घ्या. बोट पाण्यात सोडून परत या आणि गाडी, रिकामा ट्रेलर यांचं दुसरं वजन घ्या. वजाबाकी म्हणजे बोट. दोन्ही वेळा गाडीत तीच माणसं आणि जवळपास तेवढंच डिझेल असू द्या. ट्रकांचे काटे पाच, दहा किंवा वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे तेवढा फरक गृहीत धरा.

ट्रेलर नसेल तर क्रेनच्या हुकाला लावायचा वजनमापक मागा. ज्यांच्याकडे चांगली क्रेन असते त्यांच्याकडे तो बहुधा मिळतो.

काटाही नाही, क्रेनही नाही. पाण्यातच मोजता येईल?

एकूण वजन अचूक मिळणार नाही, पण दर सेंटीमीटरला बोट किती किलो पेलते हे मात्र घरच्या घरी काढता येतं, आणि रोजच्या वापरात तेच जास्त कामाला येतं.

आम्ही हे शापोऱ्याला करतो तेव्हा सकाळी सहा-साडेसहाला धक्क्यावर जातो. वारा उठलेला नसतो आणि भरती पूर्ण होऊन पाणी थबकलेलं असतं. बोट सैल बांधायची. मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांवर आणि पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी उभी लावायची, पाण्याची रेघ पेन्सिलने मारायची. मग पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे भरलेले दहा जार आणायचे. एक जार रिकामा साधारण पाऊण किलोचा, म्हणून भरलेला पावणेएकवीस धरा. ते बोटीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखे मांडायचे. स्वतः धक्क्यावर यायचं. पाणी स्थिर झालं की तिन्ही पट्ट्यांवर नव्या रेघा मारायच्या आणि फरकांची सरासरी काढायची.

वरच्या १९ फुटी बोटीत दहा जारांना, म्हणजे सुमारे २०७ किलोंना, ती साधारण २.४ सेंटीमीटर खाली बसेल. म्हणजे सेंटीमीटरला ८६-८७ किलो. हिशेबानेही तेच येतं : पाण्याच्या रेषेवर बोटीचं क्षेत्रफळ साडेआठ चौरस मीटर असेल तर एका सेंटीमीटरला ८५ लिटर पाणी बाजूला सरतं, आणि समुद्राचं पाणी लिटरला १.०२५ किलो असतं.

एकदा हा आकडा हाती आला की फळीवर कायमची बारीक रेघ रंगवून ठेवा. दोन वर्षांनी तयार बोट त्या रेघेच्या दीड सेंटीमीटर खाली बसलेली दिसली तर सव्वाशे किलो कुठून तरी आत आलेत, हे काट्यावर न जाता कळतं. मुरगाव बंदरात खनिज भरणाऱ्या जहाजांचा मालही मुख्यत्वे असाच मोजला जातो, जहाज किती खाली बसलं त्यावरून. छोट्या बोटीला तीच युक्ती चालते.

नदीत बोट जास्त खोल बसते असं म्हणतात. खरं आहे?

खरं आहे, पण छोट्या बोटीला त्याची चिंता नको. दीड टनाची बोट पूर्ण गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा ३७ लिटर जास्त पाणी बाजूला सारते. वरच्या हिशेबाने अर्ध्या सेंटीमीटरपेक्षाही कमी. बार्जवाल्यांना मात्र हे पाहावं लागतं. मोठ्या जहाजाच्या कुशीवर भाररेषेच्या खुणा असतात त्यांत गोड्या पाण्याची खूण वेगळी असते. सॅम्युएल प्लिमसोल यांनी ब्रिटनच्या संसदेत लावून धरलेली ही भाररेषा तिथे १८७६ च्या कायद्याने सक्तीची झाली, कारण मालक जहाजं अतोनात भरत होते आणि खलाशी बुडत होते.

नोंदणीच्या कागदावर 'टन' लिहिलेत. तेच वजन ना?

नाही. हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. नोंदणीतला 'ग्रॉस टन' हे आकारमान आहे, बोटीच्या आत किती जागा आहे त्याचं माप. जुन्या पद्धतीत १०० घनफूट म्हणजे एक रजिस्टर टन. कागदावर '३ टन' वाचून क्रेनवाल्याला तीन टन सांगू नका आणि '१ टन' वाचून एक टनही सांगू नका.

आणखी दोन शब्द कानावर येतात. 'डिस्प्लेसमेंट' म्हणजे बोट जितकं पाणी बाजूला सारते त्याचं वजन, आणि तरंगणाऱ्या बोटीच्या बाबतीत ते तिच्या त्या क्षणीच्या एकूण वजनाइतकंच असतं. 'डेडवेट' म्हणजे ती किती माल, इंधन, माणसं मिळून पेलू शकते ते. कॅप्टन ऑफ पोर्ट्स, म्हणजे बंदर खात्याकडे नोंदणी किंवा तपासणीला जाताना 'ड्राय वेट' धरून हे चार शब्द वेगळे लक्षात ठेवलेत तर खिडकीवर गोंधळ होत नाही.

क्रेनवाल्याला नेमका कोणता आकडा सांगायचा?

त्या दिवशी बोट ज्या अवस्थेत हुकाला लागणार आहे त्या अवस्थेतला, आणि वर थोडा राखून.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी हे चुकलो होतो. हायड्रा क्रेन आली, चालकाने विचारलं, "किती?" मी पाठ असलेला आकडा सांगितला, साडेसहाशे. त्याने तेवढ्या हिशेबाने बूम लांब काढला. बोट जमिनीवरून वीतभर उचलली आणि हायड्राची मागची चाकं हलकी झाली. ती चाकं जमीन सोडताहेत हे आधी धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलांना दिसलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ते ओरडले, "सोड रे, खाली सोड!" चालकाने लगेच खाली घेतली म्हणून निभावलं. खाली दोन मुलं दोर धरून उभी होती. बोटीची टाकी भरलेली होती, छत बसवलेलं होतं आणि तळात रात्रीच्या पावसाचं पाणी होतं. साडेसहाशे नव्हे, अकराशेच्या वर होती ती. आकडा मी सांगितला होता, चालकाने नव्हे.

क्रेनची 'बारा टन' ही ताकद बूम पूर्ण आखडलेला आणि भार अगदी जवळ असताना असते. बूम जसा लांब जाईल तशी ती झपाट्याने घटते. चालकाजवळ तक्ता असतो, पण त्यात घालायचा आकडा तुम्हीच देता. पट्ट्यांचंही तसंच. दोन पट्ट्यांनी उचलताना त्या जितक्या आडव्या तितका ताण जास्त. आडव्या रेषेशी तीस अंशाचा कोन झाला तर प्रत्येक पट्टीवर अर्धं नव्हे, बोटीचं पूर्ण वजन येतं. पट्ट्या लांब घ्या आणि उचलताना खाली कुणालाही उभं राहू देऊ नका.

ट्रेलर आणि गाडीसाठी काय धरायचं?

वरच्याच बोटीचे १०७२ आणि ट्रेलरचे समजा ३००, म्हणजे १३७२ किलो. गाडी किती ओढू शकते हे तिच्या मालकाच्या पुस्तिकेत असतं, ते पाहा. 'माझ्या मित्राची तीच गाडी ओढते' हे उत्तर नव्हे. पणजीहून शापोऱ्याला नेणं वेगळं आणि चोर्ला घाट उतरणं वेगळं. उतारावर प्रश्न इंजिनाच्या ताकदीचा नसून ब्रेकचा असतो. ट्रेलरच्या टायरवर भाराचा आकडा छापलेला असतो, तोही जुळवा. एकूण भाराचा पाच ते दहा टक्के भाग गाडीच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागून शेपटासारखा डोलू लागतो. लांबच्या प्रवासाला टाकी आणि पाण्याची पेटी रिकामी करून निघा, शंभरेक किलो तिथेच उतरतात.

पावसाळ्यात बोट ट्रेलरवरच ठेवली आहे. चालेल?

चालेल, पण बूच काढून ठेवा आणि नाळ उंच, मागची बाजू खाली अशी ठेवा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा चौरस मीटर उघड्या बोटीत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस साठला तर ते हजार लिटर झाले, म्हणजे एक टन. जुलैत असा दिवस काही विरळा नाही. बुचाच्या भोकात माडाचं एक पान अडकलं तरी सकाळी स्प्रिंगा बसलेल्या आणि टायर फाटलेला दिसतो. ताडपत्री घालणार असाल तर तीत पाण्याचं पोट साठणार नाही अशी आधाराची काठी मध्ये उभी करा. दर आठवड्याला जाऊन भोकात हाताचं बोट घालून बघा.

जुनी बोट नव्यापेक्षा जड होते का?

होते, आणि सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी पाहावं. तरंगण्यासाठी डेकखाली भरलेला फोम नवा असताना पाणी धरत नाही, पण वर्षानुवर्षं ओल्यात राहिला की हळूहळू पितो. ट्रान्सममधलं प्लायवूड एखाद्या स्क्रूच्या भोकातून ओलं होतं. बाहेरून रंग झकास असतो आणि आत शे-दीडशे किलो पाणी.

बंद मुठीच्या टोकाने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने डेक आणि ट्रान्सम ठोकत जा. खणखणीत आवाज बदलून बद्द आला तिथे थांबा. इंजिन वर करून त्याचा पाय हाताने जोर लावून हलवा, ट्रान्समची फळी वाकताना दिसली किंवा कडेने पाण्याचा थेंब आला तर किंमत बोलण्याआधी विचार करा. आणि शक्य असेल तर काट्यावर न्या. नव्या बोटीच्या हिशेबापेक्षा वजन फार जास्त निघालं तर ते पाणी आहे, आणि ते उन्हात ठेवून वाळत नाही. डेक कापून फोम काढावा लागतो.

लाकडी होडीची गोष्ट वेगळी. लाकूड पाणी पिऊन फुगतं तेव्हाच सांधे बसतात, तिचं ओलं वजन हेच खरं वजन.

बोटीत किती माणसं घ्यायची, हे वजनावरून ठरवायचं का?

मंजूर संख्या ही कमाल मर्यादा, तिच्या वर एकही नको. मुलं 'अर्धी' धरून संख्या वाढवू नका. पण त्या संख्येच्या आतही वजन मोजावं लागतं.

प्रमाणित बोटीच्या प्लेटवर दोन गोष्टी असतात : माणसांची संख्या आणि एकूण किलो. दोन्ही पाळायच्या, जी आधी भरेल तिथे थांबायचं. त्या किलोंमध्ये इंजिन धरलंय की नाही हे प्लेटवरच दाखवलेलं असतं, ते बघा. माणसाचं वजन बहुधा ७५ किलो धरलेलं असतं. सिकेरी, नेरूल, पाळोळे इथून डॉल्फिन दाखवायला नेताना समोर बसलेले सहाही जण नव्वदीच्या पुढचे असू शकतात. तेव्हा सहाचे पाच करायला कुणी कमीपणा मानू नये. गिऱ्हाईक नाराज होईल, होऊ दे. पाच सेंटीमीटर जास्त खाली बसलेल्या बोटीची काठापर्यंतची उंची तेवढीच कमी झालेली असते, आणि नदीच्या मुखाशी लाट मागून येते तेव्हा तीच उंची लागते. आग्वादच्या वाळूच्या दांड्यावर पावसाळ्यात मोठे बार्जसुद्धा जात नसत, कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. ती जागा साधी नाही.

वजन वाढलं की इंजिनावर काय परिणाम होतो?

बोट पाण्यावर उचलून धावायला वेळ घेते, नाळ वर करून नांगरत राहते, पेट्रोल पिते. खरी खूण टॅकोमीटरवर दिसते. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम यायला हवेत तो पल्ला दिलेला असतो, चार-स्ट्रोकना बहुधा ५००० ते ६०००. नेहमीची माणसं आणि भरलेली टाकी घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या. आकडा पल्ल्याच्या खाली अडकत असेल तर इंजिन ओझ्याखाली दबतंय. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितकं अंतर पुढे सरकायला हवा ते माप, एक इंच कमी केला तर साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. मात्र रिकाम्या बोटीवर चाचणी घेऊन पंखा निवडू नका. विक्रेता एकटा बसून फेरी मारतो आणि म्हणतो बघा कशी पळते. तुम्ही रोज एकटे जाणार आहात का?

डेकवरच्या भोकांतून पाणी उलटं आत येतं. गळती आहे का?

बहुधा नाही. ती भोकं, म्हणजे स्कपर, डेकवरचं पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात आणि डेक पाण्याच्या रेषेच्या वर असेल तरच काम करतात. बोट हिशेबाबाहेर जड झाली की भोकं रेषेखाली जातात. तिथे बूच ठोकून प्रश्न सुटत नाही, कारण मग लाटेचं पाणीही आतच राहील. मागच्या बाजूचं वजन पुढे सरकवा. बॅटरी आणि जास्तीचं पेट्रोल दोन्ही मागेच ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती तपासा.

टाकी अर्धी ठेवून हलकं जावं का?

पेट्रोल कमी करून वजन वाचवू नका. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, हा नियम मोडायचा नाही. कमी करायचंच असेल तर हत्यारांच्या पेटीत गंजलेलं काय काय आहे ते उघडून बघा, आणि तळातलं पाणी उपसा. ते नुसतं ओझं नाही. बोट कलली की ते त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. शंभर लिटर मोकळं पाणी शंभर किलोच्या बांधलेल्या गोणीपेक्षा कितीतरी धोक्याचं.

कयाकलाही हे लागू होतं?

हो. कयाकवर लिहिलेला 'क्षमता' आकडा वल्हवणाऱ्यासकट असतो. त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भरा, नाहीतर पाण्यावर ओणवी पडलेल्या फळीसारखी चालते.

एकदा वजन काढलं की काम झालं ना?

नाही. छत बदललं, दुसरी बॅटरी घातली, इंजिन नवं आलं, की नव्याने करा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बोटीच्या कन्सोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी न पुसणाऱ्या मार्करने चार ओळी लिहितो : काट्यावरचं वजन, तारीख, त्या वेळी टाकीत किती पेट्रोल होतं आणि सेंटीमीटरला किती किलो. बोट विकली तरी त्या ओळी बोटीबरोबर जातात. मालक धक्क्यावर नसला आणि बोट उचलायची वेळ आली तर पोऱ्याने झाकण उघडून वाचलं की पुरे.